सासूकडून विकत घेतलेलं शेण

माझं लग्न झालं तेव्हा एका जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन थोडीच वर्षं झाली होती. माहेर गोंदिया जिल्ह्यात गेलं, सासर भंडाऱ्यातच राहिलं, साकोली तालुक्यात एकोडीला. रस्ता होता तेवढाच होता, बसही तीच होती, पण माझी आई मात्र कोणी विचारलं की पोरगी दुसऱ्या जिल्ह्यात दिली असं सांगायची, जणू फार लांब पाठवली.

सासरी आम्ही तिघं. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. नवरा साकोलीच्या एका कृषी केंद्रात कामाला होता. बी, खत, औषध विकायचं, पोती मोजायची, लोकांना काय घ्यायचं ते सांगायचं. सकाळी सायकलनं जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. घरची शेती दोन एकरांच्या थोडी आत, लहानमोठ्या बांध्यांत वाटलेली. चारी बाजूंनी पाळ घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा म्हणजे बांधी. गोठ्यात एक बैलजोडी, एक गाय आणि एक म्हैस.

घरात कुणाचं काय, हे मला कुणी सांगितलं नाही, पण महिनाभरात कळलं. धान विकून आलेला पैसा नवऱ्याच्या हातात. दूध घरात. आणि शेण सासूबाईंचं. दिवाळी झाली, ऊन स्वच्छ पडायला लागलं की त्या रोज सकाळी अंगणाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या थापायच्या. वाळल्या की रचून ठेवायच्या. गावातला कुंभार घ्यायचा, हायवेवरचं एक हॉटेल घ्यायचं. पोत्यात भरून त्या स्वतः बसनं साकोलीला न्यायच्या, कंडक्टरशी पोत्याच्या तिकिटावरून भांडायच्या आणि संध्याकाळी पदराच्या गाठीत पैसे घेऊन यायच्या. त्या पैशातून लेकीच्या गावाला जाणं, बांगड्या, विहाराची वर्गणी, आजारपणात कुणाच्या हातावर ठेवायचे चार पैसे. मुलाकडे त्यांनी कधी हात पसरल्याचं मी पाहिलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यात मी रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, गेले. माहेरी मी लहानपणापासून रोवणा केलेला, तेव्हा हाताला सवय होती. आमची घरामागची बांधी आधी लावली. पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, मुळं चिखलात सहज जात होती, बोट लावलं की आत. दुसऱ्या दिवशी लांबच्या बांध्यांत उतरलो आणि माझी बोटं दुखायला लागली. सकाळी नांगरून चिखल केलेला, तरी दुपारपर्यंत खाली बसून घट्ट झालेला. ती जमीन सिहार, म्हणजे बारीक रेतीची, पिवळट. पाणी आटलं की वरती पांढरी पापडी धरायची. संध्याकाळी नखांच्या कडा सोलून निघाल्या होत्या. बाकीच्या बायका म्हणाल्या, "या बांध्या अशाच. दरसाल कडकच होत चालल्या."

कापणीला मला आणखी एक गोष्ट दिसली. घरामागच्या बांधीत नवऱ्यानं खत टाकलंच नव्हतं, लक्षात राहिलं नव्हतं म्हणाला, आणि तिथला धान सगळ्यांत भारी. गोठ्याचं धुणं, अंगणातलं पाणी, उकिरड्यावरून वाहून आलेलं सगळं त्याच बांधीत उतरायचं. लांबच्या बांध्यांत मात्र दुकानातून येणारी पोती दरवर्षी वाढत होती. मी नवऱ्याला विचारलं, "पोतं वाढलं, मंग धान काहून नाही वाढला?"

तो जेवत होता. म्हणाला, "पोतं नसतं टाकलं तं हाये तेवढाही नसता झाला."

त्याचं खोटं नव्हतं. पण माझ्या वडिलांची जमीन आमच्यापेक्षा हलकी, आणि तिथे पोती कमी लागायची. फरक एवढाच की तिथे शेण जाळत नव्हते.

मी आधी जे फुकट होतं त्याला हात घातला. पावसाळ्यात गोवऱ्या वाळत नाहीत, म्हणून तेवढे महिने शेण उकिरड्यावर जायचं. उकिरडा उघडा. पाऊस आला की त्यातून चहासारखं पाणी निघायचं आणि नालीतून निघून जायचं. ते पाणी बघून माझा जीव तुटायचा. उन्हाळ्यात मी आणि नवऱ्यानं गोठ्यामागे एक खड्डा खणला, चार लाकडी बल्ल्या रोवल्या, वर जुने टिन आणि पळसाचा पाला टाकला. सासूबाई दारात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "उकिरड्याले घर बांधून राहिले. आता त्याचं लगीन करा." पण अडवलं नाही. पावसाळ्यातल्या शेणावर त्यांचा दावा नव्हता.

त्या खड्ड्यातून एका बांधीपुरतंही खत नीट निघालं नाही. उरलेलं शेण सासूबाईंच्या गोवऱ्यांत होतं. मग एका सकाळी, त्या थापत असताना, मी बाजूला उकिडवी बसले आणि विचारलं, "आत्याबाई, औंदा निम्म्या गोवऱ्या थापल्या अन् निम्मं शेण खड्ड्यात टाकलं तं?"

त्यांनी हात थांबवला नाही. "कायले?"

"बांधीले खत होईल. धान वाढेल."

"धान वाढला तं पैसा कोणाच्या हातात येते?"

मी पाटीतलं शेण त्यांच्याकडे सरकवलं.

"तुह्या नवऱ्याच्या," त्या म्हणाल्या. "माहा पोरगा हाय, वाईट नाही. पण मले साकोलीले जायचं असलं तं त्याले सांगा लागंल, कायले जातं, केव्हा येतं. आता मले कोणाले सांगा लागत नाही. शेण माह्या हातातून जाते अन् पैसा माह्या हातात येते. मी नाही देत."

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं. जमीन सुधारली तर घराचं भलं होणार होतं, पण त्यासाठी घरातल्या एकाच माणसाची मिळकत जाणार होती. बाकी कुणाचं काही जात नव्हतं. मीही त्यांच्या जागी असते तर दिलं नसतं.

काही दिवस मी हेच डोक्यात घोळवत होते. रोवण्याच्या हंगामात मी दुसऱ्यांच्या बांध्यांतही मजुरीनं जायची आणि ते पैसे माझे मी जवळ ठेवायची. एक दिवस नवऱ्याला म्हटलं, "मी आत्याबाईकडून शेण विकत घेतो."

तो हसायला लागला. "मी दुकानात खत विकून राहिलो अन् माही बायको माह्याच मायकडून शेण विकत घेणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील की विकत घेतलं. चोरलं तं नाही म्हणणार."

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. पाय लांब करून बसल्या आणि सौद्याला सुरुवात केली. एका बंडीभर, म्हणजे बैलगाडीभर, शेणाच्या किती गोवऱ्या होतात ते त्यांना तोंडपाठ होतं. मी म्हटलं, "थापायची मेहनत वाचते, वाळवायची वाचते, साकोलीचं तिकीट वाचते. तेवढं कमी करा."

"तिकिटाचं कमी करतो," त्या म्हणाल्या. "थापायचं नाही करत."

"काहून?"

"थापायले मले मेहनत नाही लागत. मी थापतो तं शेजारच्या दोघी येतात, पलीकडची येते. गोष्टी होतात. हात चालते, तोंड चालते. ते बंद झालं तं मी सकाळी काय करू? ते तू भरून देशील काय?"

याचा हिशेब मला करता आला नाही. शेवटी असं ठरलं की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचं शेण त्यांचं, त्यांनी खुशाल थापावं. संक्रांतीनंतरचं माझं. निम्मे पैसे आधी, माझ्या मजुरीतून. निम्म्याचा धान, कापणी झाल्यावर. "पीक बुडालं तरी धान द्या लागंल," त्यांनी बजावलं. "गोवरी बुडत नाही." मी कबूल केलं.

गावभर झालं. विहिरीवर बायका मला विचारायच्या, आज काय भाव हाय वं शेणाचा. मी सांगायची, सासूले विचारा, मालकीण ती हाय.

मी एकच बांधी निवडली, सगळ्यांत कडक होती ती. उन्हाळ्याच्या शेवटी बंडीनं खत नेलं, पसरलं, नांगरात मिसळलं. त्या वर्षी काहीच दिसलं नाही. म्हणजे धान आला, पण आधीसारखाच. सासूबाईंनी ठरल्याप्रमाणे आपला धान मोजून घेतला, एक पायलीही सोडली नाही. नवऱ्यानं तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्याबद्दल मी मनातून त्याचे आभार मानले. त्याला हसायला जागा होती.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा त्याच बांधीत खत टाकलं. रोवणा नीट झाला आणि मग पोळ्याच्या आधी पावसानं दडी मारली. गावच्या तलावाचं पाणी आमच्यापर्यंत पोचायला वेळ होता, वरच्या बांध्यांचा नंबर आधी. सगळीकडे जमीन उलायला लागली. बांध्यांतल्या भेगांत बोट जाईल एवढी फट. सासूबाई पाळीवरचं गवत कापायला गेल्या होत्या. दुपारी परत आल्या, भारा टाकला आणि पाण्याचा गडवा तोंडाला लावायच्या आधी म्हणाल्या, "तुह्या बांधीत माहा पाय धसला."

"पाणी हाये?"

"पाणी नाही. पण ओल हाये. बाजूच्या बांधीत भेगा पडल्या अन् तुह्या बांधीत पाय धसते. मी दोनदा टाकून पायला."

मी तशीच निघाले. खरंच, बाजूच्या बांधीतला धान पानं गुंडाळून उभा होता आणि ह्या बांधीतला अजून हिरवा. मी माती हातात घेतली. पूर्वी ती विटेसारखी फुटायची, आता कुस्करली जात होती. मी पाळीवर बसून राहिले, काही न करता, बराच वेळ. त्या दिवसाचं मला अजून सगळं आठवतं. पाळीवर तुरी लावलेल्या होत्या, त्यांच्या सावलीत एक बगळा उभा होता आणि मला घरी जायची अजिबात घाई नव्हती.

पाऊस पोळ्यानंतर आला. बाकीच्या बांध्या कशाबशा सावरल्या. ती बांधी मात्र चांगली पिकली. नवऱ्यानं तिथला धान वेगळा मळला आणि स्वतः मोजला. मग मला म्हणाला, "औंदा दोन बांध्यांचं शेण घे."

पण पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून एक घोळ केला. मी दोन बांध्यांत खत टाकलं, आणि नवऱ्यानं सवयीनं त्याच बांध्यांत युरियाही पूर्ण टाकला. धान छातीएवढा झाला. काळपट हिरवा. येणारे जाणारे थांबून बघायचे आणि आम्ही दोघं खूश. लोंब्या भरल्या आणि एका संध्याकाळच्या वाऱ्यानं सगळा धान लोळला. कापायला गेलो तर लोंब्या चिखलात. विळ्यानं एकेक मूठ उचलून कापावी लागली, कंबर मोडून गेली. थोड्या लोंब्यांना तर कोंब फुटले होते.

सासूबाई पाळीवरून म्हणाल्या, "मायनंही जेवू घातलं अन् बापानंही जेवू घातलं. पोरगं लोळंल नाही तं काय करंल?"

नवरा चिखलात उभा होता, हातात विळा. त्यालाही हसू आलं. त्यानंतर त्यानं खताच्या बांध्यांतला युरिया कमी केला, आधी निम्मा, मग आणखी कमी. धान कमी झाला नाही. वाचलेल्या पोत्यांचे पैसे आणि मी सासूबाईंना देत असलेले पैसे त्यानं एका संध्याकाळी दारासमोर बसून मनातल्या मनात ताडून पाहिले. पहिल्या दोन वर्षांत आम्ही तोट्यातच होतो, हे त्यानं मला स्पष्ट सांगितलं. नंतर पारडं आमच्या बाजूला झुकलं. फार नाही. पण दरवर्षी थोडं थोडं, आणि पाऊस थांबला की जास्त.

"पहिली दोन वर्षं ज्याच्याजवळ हातात काहीच नाही, त्यानं हे कसं करायचं?" तो म्हणाला. दुकानात रोज तशीच माणसं त्याच्यासमोर उभी राहायची. माझ्याजवळ रोवण्याची मजुरी होती म्हणून मी थांबू शकले.

दुकानाच्या मालकाला हे कळायचंच होतं. शेठ साकोलीचा जुना व्यापारी, स्वभावानं बरा. एक दिवस नवऱ्याला म्हणाला, "तुम्हीच माल नेणं कमी केलं, तर गिऱ्हाईक काय समजेल?"

नवऱ्यानं त्याला सगळं सांगितलं. लोळलेल्या धानासकट. शेठ ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "शेण तर मी ठेवू शकत नाही दुकानात. दुसरं काही आहे का, जे विकता येईल?"

तेव्हा नवऱ्यानं ढेंचाचं नाव घेतलं. ढेंचा पेरायचा, कमरेएवढा झाला की हिरवाच जमिनीत गाडायचा, रोवण्याच्या आधी चिखलात. सरकारी माणसं येऊन हे सांगून जायची, पण बी वेळेवर कुठे मिळायचं नाही. शेठनं दोन पोती बी मागवलं. त्यातलं पहिलं नवऱ्यानं आमच्या घरी आणलं, पैसे देऊन.

ज्या बांध्यांपर्यंत शेणखत पोचत नव्हतं, तिथे आम्ही ढेंचा पेरला. तो वाढला तेव्हा शेजारचा शेतकरी, नात्यानं नवऱ्याचा काका, पाळीवर येऊन उभा राहिला. आम्ही ट्रॅक्टर भाड्यानं आणला होता आणि हिरवंगार पीक चाकाखाली जात होतं. "एवढा हिरवा पाला गाडून राहिले," तो म्हणाला. "डोक्यावर परिणाम झाला काय? म्हशीले तरी टाका."

"काकाजी, म्हशीले टाकला तं शेण होईल," नवरा म्हणाला, "अन् शेण मायकडून विकत घ्या लागंल."

काका मान हलवत गेला. दोन वर्षांनी त्यानंच नवऱ्याला बी आणायला सांगितलं, पण कुणाला कळू नये म्हणून पिशवी संध्याकाळी घरी पोचवायला लावली. रोवण्याच्या वेळी मात्र सगळ्यांनाच दिसायचं ते दिसलं. बायका म्हणाल्या, तुमच्या बांधीत नखं नाही दुखत. आमच्याकडे रोवायला यायला मजूर मिळेना असं नंतर कधी झालं नाही.

सासूबाईंच्या धंद्याचं पुढे वेगळंच वळण आलं. घरोघरी गॅस आला, कुंभारानं भट्टी बंद केली आणि हॉटेलवाल्यानं गोवऱ्या घेणं सोडलं. मला वाटलं आता त्या खचतील. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "तू जे खत बनवतं, ते भाजीवाले घेतील काय?"

गावाबाहेर दोघातिघांनी भाजीचे वाफे सुरू केले होते. सासूबाई त्यांच्याकडे चालत गेल्या, सौदा करून आल्या. मग घरचं शेण कमी पडायला लागलं, तेव्हा ज्यांच्या घरी जनावरं होती पण कुणी हात घालायला तयार नव्हतं, त्यांच्याकडून त्या शेण घेऊ लागल्या. गोठ्यामागे आणखी एक खड्डा झाला. खत मुरलं की ते चाळायचं, पोत्यात भरायचं. चाळायला शेजारच्या दोघी येतात, पलीकडची येते. चहा मी करते. त्या काय बोलतात ते मला स्वयंपाकघरात अर्धंच ऐकू येतं, पण त्यात माझंही नाव असतं एवढं कळतं.

मला त्या भाव कमी करत नाहीत. एकदा मी म्हटलं, "आत्याबाई, भाजीवाल्याले जो भाव तोच मले? मी घरची नाही काय?"

"घरची हायेस म्हणून उधारी देतो," त्या म्हणाल्या. "भाजीवाल्याले रोख हाये."

आता त्यांच्यानं वाकून काम होत नाही. खुर्चीवर बसून चाळणी धरतात आणि दुसऱ्यांना रागावतात. नवऱ्यानं दुकानातली नोकरी कमी केली आहे, फक्त हंगामात जातो. आमच्या पोरी मोठ्या झाल्या, शिकायला भंडाऱ्याला असतात. आमची जमीन तेवढीच आहे, दोन एकरांच्या आत, आणि तिनं आम्हाला श्रीमंत केलं नाही. पण धान घरचा पुरतो, थोडा विकला जातो, आणि पाऊस थांबला की पूर्वीसारखी छाती धडधडत नाही.

परवा कापणी आटोपल्यावर मी सासूबाईंना घेऊन बांधीवर गेले. धान कापायच्या आधी त्याच्यातच फेकलेली लाखोळी, हिवाळ्यातलं कडधान्य, आता वीतभर झाली होती. नवऱ्यानं त्यांच्यासाठी पाळीवर पोतं अंथरलं. त्या बसल्या आणि हाताशी येतील तेवढे कोवळे शेंडे खुडून पदरात टाकायला लागल्या, भाजीसाठी. मी बांधीत उतरून खुडत होते. माती पायाला थंड लागत होती.

थोड्या वेळानं त्यांनी हात डोळ्यांवर आडवा धरला आणि टोकाच्या बांधीकडे बघितलं. ती आम्ही अलीकडे शेजाऱ्याकडून ठेक्यानं कसायला घेतली आहे.

"ती अजून पांढरी दिसून राहिली," त्या म्हणाल्या.

"हो. तिच्यात काहीच नाही गेलं कधी."

"मंग?"

"मंग तुमीच सांगा. किती बंड्या देता?"

त्यांनी पदरातली भाजी एका बाजूला सारली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुन्हा शेंडे खुडायला लागल्या.